टपालापासून पडद्यापर्यंत : प्रौढांचे निरंतर शिक्षण

प्रस्तावना

शाळा सुटली की शिक्षण संपले, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. दहावीच्या आत शाळा सोडावी लागलेली व्यक्ती 'माझे शिक्षण राहिले' असे म्हणते, तर पदवी घेतलेली व्यक्ती 'माझे शिक्षण झाले' असे म्हणते. शिक्षण ही वयाच्या एका टप्प्यावर होऊन जाणारी किंवा कायमची राहून जाणारी गोष्ट आहे, असे हे दोघेही मानतात. ही समजूत खरी नाही. सुरतेच्या कापडबाजारात वह्यांमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पन्नाशीत संगणकावरचे लेखांकन शिकावे लागते. बेळगावातील एखाद्या अंगणवाडी सेविकेला बालकांच्या पोषणाविषयीची नवी माहिती हवी असते. शाळेत शिकलेल्या गोष्टींवर आयुष्य निभावेल, असा काळ आता राहिलेला नाही.

शाळा-महाविद्यालयाबाहेरच्या अशा शिक्षणाला 'निरंतर शिक्षण' म्हणतात. पूर्वी ते टपालाने येई. पुढे ते आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून आले आणि आता मोबाइलच्या पडद्यावर येते. हा प्रवास कसा झाला, त्यात प्रौढ विद्यार्थ्याने काय मिळवले आणि त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• 'निरंतर शिक्षण' ही संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करणे.
• दूरशिक्षणाच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे सांगणे.
• ऑनलाइन अभ्यासक्रम अर्धवट सुटण्याची कारणे विशद करणे.
• स्वतःसाठी योग्य अभ्यासक्रम पारखून निवडणे.

मूळ पाठ

१. साक्षरतेनंतर काय?

प्रौढांनी शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाच्या शाळेत येणे शक्य नाही, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांतही राबवली गेली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाला आणि १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियानाला प्रारंभ झाला.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. अक्षरे ओळखता येणे ही शिक्षणाची सुरुवात आहे. जे शिकले ते वापरात राहिले नाही, तर नवसाक्षर माणूस पुन्हा निरक्षरतेकडे वळतो. विहिरीला पाणी लागले तरी रोज उपसा नसेल तर गाळ साचतो, तसेच हे आहे. म्हणून साक्षरतेच्या पाठोपाठ वाचनालये, कौशल्यवर्ग आणि पुढील शिक्षणाच्या सोयी उभ्या करण्याचा विचार पुढे आला. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे पाच भाग आहेत. पायाभूत साक्षरता व अंकज्ञान, जीवनावश्यक कौशल्ये, व्यवसाय कौशल्ये व मूलभूत शिक्षण यांच्याबरोबर 'निरंतर शिक्षण' हा त्यांपैकी पाचवा भाग होय.

२. टपालाची शाळा

शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी, अशी शाळा भरवायची तर दोघांना जोडणारे साधन लागते. असे पहिले विश्वासाचे साधन म्हणजे टपाल. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीच्या दरात देशात कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास आरंभ केला. विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत लिहून पाठवत. पिटमन त्यातील चुका दुरुस्त करून तो परत पाठवत.

या पद्धतीतील महत्त्वाचा भाग म्हणजे उत्तर तपासून परत येणे. धडा पाठवणे तुलनेने सोपे असते. विद्यार्थ्याने केलेले काम कोणीतरी वाचले, त्यातील चूक दाखवली आणि बरोबर काय ते सांगितले, तेव्हा छापील मजकुराचे शिक्षण होते. पुढे साधने कितीही बदलली तरी दूरशिक्षणाचे यश या एका गोष्टीवर अवलंबून राहिले.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. नोकरी करणारे, लांबच्या गावी राहणारे, घराबाहेर पडून महाविद्यालयात जाऊ न शकणारे असे अनेक जण त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचू शकले.

३. आकाशातून येणारा धडा

ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नव्हती. छापील पुस्तके, दूरचित्रवाणीवरील व्याख्याने आणि स्वाध्याय तपासणारे शिक्षक या तिन्हींचा मेळ त्या विद्यापीठाने घातला. पुढे जगातील अनेक देशांनी हा नमुना समोर ठेवला.

भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांवरील कार्यक्रम खेड्यांतील लोकांनी एकत्र बसून पाहिले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला.

दरम्यान मुक्त शिक्षणाच्या संस्था उभ्या राहत होत्या. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त विद्यालयाचा प्रकल्प हाती घेतला. १९८९ साली त्याला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले आणि २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली दिल्लीत स्थापन झाले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. पूर्वी गंगेपर्यंत चालत जावे लागे. आता गंगेनेच दारी यावे, असा अर्थ त्यात भरलेला आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. महात्मा फुले यांनी रात्रीची शाळा ........ साली सुरू केली. (१८४० / १८५५ / १९५९)
२. पिटमन हे ........ विषय टपालाद्वारे शिकवत. (लेखांकन / लघुलेखन / शेती)
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. साक्षरतेनंतर पुढील शिक्षणाची सोय का आवश्यक असते?

४. इंटरनेटवरील वर्ग

इंटरनेटमुळे दूरशिक्षणात दोन मोठे बदल झाले. पहिला बदल म्हणजे धडा पोहोचण्यास वेळ लागेनासा झाला. दुसरा बदल म्हणजे एका वर्गात किती विद्यार्थी बसू शकतील याला मर्यादा उरली नाही. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमाला शुल्क भरणारे विद्यार्थी केवळ २५ होते, परंतु इंटरनेटवरून सुमारे २,२०० जण त्यात विनामूल्य सहभागी झाले. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदवली.

भारतात याची पायाभरणी आधीच झाली होती. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एकत्र येऊन 'एनपीटीईएल' हा उपक्रम सुरू केला व आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी खुली केली. २०१४ पासून या उपक्रमात परीक्षा व प्रमाणपत्राची सोय झाली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या मंचाचे उद्घाटन झाले. शालेय विषयांपासून पदव्युत्तर विषयांपर्यंतचे अभ्यासक्रम या मंचावर आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ याही संस्था त्यासाठी अभ्यासक्रम तयार करतात.

'स्वयम्'वरील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न आणि शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा. अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. ज्यांच्या घरी इंटरनेटची सोय नाही, त्यांच्यासाठी 'स्वयम् प्रभा' या नावाने दूरचित्रवाणी वाहिन्याही सुरू करण्यात आल्या.

५. अर्ध्या वाटेवरून परतणारे

नाव नोंदवणे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणे यांत मोठे अंतर असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे तीन जणांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. मात्र ज्यांनी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरले होते, त्यांच्यातील हे प्रमाण शंभरात सुमारे ४६ होते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. नाव नोंदवणारे सर्वच जण अभ्यास पूर्ण करण्याच्या हेतूने येत नाहीत. काही केवळ कुतूहलाने डोकावतात. काहींना एखादाच भाग पाहायचा असतो. त्यांना 'नापास' म्हणणे योग्य नाही. परंतु मनापासून सुरुवात करून थांबलेल्यांची संख्याही लहान नसते. त्यामागे काही ठळक कारणे दिसतात.

पहिले कारण वेळेचे आहे. प्रौढ विद्यार्थ्याचा दिवस त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. नोकरी, घरकाम, मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांची औषधे यांतून उरलेला वेळ अभ्यासाचा. आजारपण किंवा लग्नसराई आली की तोही उरत नाही. दोन आठवडे खंड पडला की 'आता पुन्हा कुठे सुरुवात करणार' असे वाटू लागते आणि अभ्यास सुटतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. उच्च शिक्षणाचे बहुसंख्य ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीत असतात. काही व्याख्यानांच्या लिखित संहिता मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध झाल्या आहेत. परंतु विषय समजण्याआधी भाषेशीच झगडावे लागले, तर हुशार माणसालाही आपण कमी आहोत असे वाटू लागते. खरे तर उणीव साहित्यात असते.

तिसरे कारण एकटेपणाचे आहे. वर्गात शेजारी बसणारा सोबती असतो. आपल्याला न समजलेले त्यालाही समजले नाही, हे पाहून धीर येतो. पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला वाटते की, अडलेला आपण एकटेच आहोत. शंका विचारली आणि उत्तर आलेच नाही, तर पुढच्या वेळी तो विचारत नाही. पिटमन यांच्या टपालशाळेत तपासलेला उतारा परत येत असे. हजारोंच्या वर्गात नेमकी तीच गोष्ट हरवण्याचा धोका असतो. म्हणून मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आणि तेथील समंत्रक यांची गरज इंटरनेटच्या काळातही संपलेली नाही.

६. मोबाइल कोणाच्या हाती?

ऑनलाइन शिक्षण सर्वांसाठी खुले आहे, असे म्हणताना दाराची किल्ली कोणाकडे आहे हे पाहणे आवश्यक ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, इंटरनेट कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण शंभरात सुमारे ५७, तर स्त्रियांचे सुमारे ३३ होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया शंभरात सुमारे ५४ होत्या. ज्या घरात एकच मोबाइल असतो, तेथे तो दिवसभर कमावत्या माणसाबरोबर बाहेर जातो. संध्याकाळी तो मुलांच्या अभ्यासाला लागतो. घरातील बाईच्या वाट्याला तो रात्री उशिरा येतो, तेव्हा तिचे डोळे मिटत असतात.

शाळा अर्धवट सुटलेल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत वेळ, साधन आणि परवानगी या तीन गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. १८५५ सालच्या रात्रशाळेने कष्टकऱ्यांसाठी आपली वेळ बदलली होती. आजच्या ऑनलाइन वर्गालाही वेळेचे बंधन नाही, हे खरे. परंतु घराने तिच्यासाठी रोजचा अर्धा तास मोकळा ठेवला नाही, तर चोवीस तास उघडी असलेली शाळाही तिच्यासाठी बंदच राहते. म्हणून प्रौढांचे शिक्षण हा त्या एका व्यक्तीचा छंद न राहता कुटुंबाने वाटून घेण्याचा विषय व्हायला हवा.

७. अभ्यासक्रम निवडताना

बाजारात आज अभ्यासक्रमांची उणीव नाही. 'महिनाभरात नोकरी', 'परीक्षेविना पदवी' अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना असतो आणि दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवी देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता लागते. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या आणि वास्तुशास्त्र यांसारख्या विषयांच्या पदव्या या पद्धतीने देता येत नाहीत. ज्या कामात रुग्णाच्या शरीराशी किंवा इमारतीच्या भाराशी प्रत्यक्ष संबंध येतो, ते काम केवळ पडद्यावर पाहून शिकता येत नाही, हे त्यामागील साधे कारण होय.

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत :
• हा अभ्यासक्रम ज्ञानासाठी हवा आहे, कामातील कौशल्यासाठी की पदवीसाठी?
• अभ्यासक्रम देणारी संस्था कोणती? तिच्या मान्यतेची खात्री शासनाच्या संकेतस्थळावरून केली आहे का?
• एकूण शुल्क किती? परीक्षेचे शुल्क वेगळे आहे का? प्रवेश रद्द केल्यास पैसे परत मिळतात का?
• आठवड्याला किती तास द्यावे लागतील? तेवढा वेळ खरोखर निघेल का?
• शंका विचारली तर उत्तर कोण देणार?

यांतील शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. वास्तविक तोच प्रथम विचारायला हवा. त्याचबरोबर बँकेकडून मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक प्रवेशाच्या नावाखाली कोणी मागितला, तर तो कधीही सांगू नये. कोणतीही खरी शिक्षणसंस्था तो मागत नाही.

८. टिकून राहण्याचे उपाय

अभ्यास पूर्ण होण्यासाठी असामान्य बुद्धिमत्ता लागत नाही. रोजची एक ठरलेली वेळ, एक वही आणि एक सोबती या तीन गोष्टी फार उपयोगी पडतात. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे अधिक फलदायी असते. व्याख्यान नुसते ऐकू नये. ते थांबवून दोन ओळी आपल्या भाषेत लिहाव्यात. तोच विषय शिकणारे दोन-तीन जण गावात किंवा वस्तीत असतील, तर आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात न करता, जेथे थांबलो तेथूनच पुढे जावे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण प्रौढ विद्यार्थ्याइतकी दुसऱ्या कोणालाही लागू पडत नाही.

मुक्त विद्यालयाच्या व्यवस्थेत नोंदणी पाच वर्षे टिकते व परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, याचे कारण हेच आहे. प्रौढाच्या आयुष्यात खंड पडणार हे या व्यवस्थेने गृहीत धरले आहे. एक विषय यंदा, दुसरा पुढच्या वर्षी असे करत पुढे जाणाऱ्याला ती मागे पडलेला मानत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. 'स्वयम्' मंचावर अभ्यासक्रम शिकण्यासाठी शुल्क भरावेच लागते.
२. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरलेल्यांमध्ये अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे प्रमाण अधिक आढळले.
(आ) दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
३. परिचर्येची पदवी ऑनलाइन पद्धतीने का देता येत नाही?

तुम्ही काय शिकलात?

• शिक्षण ही आयुष्यभर चालणारी प्रक्रिया असून साक्षरता ही तिची सुरुवात आहे.
• टपाल, दूरचित्रवाणी, उपग्रह व इंटरनेट अशी दूरशिक्षणाची साधने बदलत गेली. विद्यार्थ्याच्या उत्तराला शिक्षकाचे उत्तर मिळणे ही गरज मात्र कायम राहिली.
• वेळ, भाषा व एकटेपणा यांमुळे अनेकांचा अभ्यास सुटतो. स्त्रियांच्या बाबतीत साधनाचा प्रश्नही महत्त्वाचा असतो.
• मान्यता, शुल्क, वेळ व मार्गदर्शन यांची खात्री करूनच अभ्यासक्रम निवडावा.

शब्दार्थ

निरंतर – अखंड, सतत चालणारे
नवसाक्षर – नव्याने लिहायला-वाचायला शिकलेली व्यक्ती
लघुलेखन – बोलण्याच्या वेगाने खुणांच्या लिपीत लिहिण्याची पद्धती
स्वाध्याय – स्वतः करावयाचा अभ्यास
समंत्रक – मुक्त शिक्षणातील मार्गदर्शक शिक्षक
परिचर्या – रुग्णांची शुश्रूषा

भाषाभ्यास

दोन वर्ण एकमेकांत मिसळून एक होतात, त्यास संधी म्हणतात. उदा., निः + अंतर = निरंतर; स्व + अध्याय = स्वाध्याय. याप्रमाणे पुढील शब्दांचा संधिविग्रह करा : विद्यार्थी, परीक्षा.

सरावासाठी प्रश्न

१. 'विहिरीला पाणी लागले तरी रोज उपसा नसेल तर गाळ साचतो' या दृष्टान्तातून कोणता विचार मांडला आहे?
२. 'चोवीस तास उघडी असलेली शाळाही तिच्यासाठी बंदच राहते' या विधानाचा आशय तुमच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. पिटमन यांची टपालशाळा आणि आजचा ऑनलाइन वर्ग यांतील साम्य व भेद लिहा.
४. कृती : तुम्हांला शिकावासा वाटणारा एक विषय निवडा. पाठातील पाच प्रश्नांची उत्तरे मिळवा आणि त्या आधारे घरातील मंडळींना उद्देशून दहा ओळींचे पत्र लिहा. अभ्यासासाठी रोज कोणती वेळ हवी आणि त्या वेळी कोणते काम कोणी करावे, हे त्यात नमूद करा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. १८५५, २. लघुलेखन, ३. शिकलेले वापरात राहिले नाही तर नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळतो, म्हणून.
पाठगत प्रश्न २ : १. चूक, २. बरोबर, ३. परिचर्येत रुग्णाच्या शरीराशी प्रत्यक्ष संबंध येतो. ते काम केवळ पडद्यावर पाहून शिकता येत नाही, म्हणून नियमांनुसार तिची पदवी या पद्धतीने देता येत नाही.
भाषाभ्यास : विद्या + अर्थी, परि + ईक्षा.